दुसऱ्याची प्लेलिस्ट तपासताना: ऐकावी कशी, गुण द्यावेत कसे, लिहावं काय

गाण्यांच्या ग्रुपवर 'या महिन्याचा विषय पाऊस' अशी घोषणा झाली की तासाभरात दोन-तीन याद्या येऊन पडतात. अंगठे उठतात, बदाम येतात, कुणीतरी 'वा, जुने दिवस आठवले' असं लिहितं आणि यादी वर सरकून दिसेनाशी होते. दोन संध्याकाळी खर्चून जिने ती रचली तिला एवढंच कळतं की लोकांना गाणी आवडली. ती तर आधीच आवडत होती. लताबाईंचं गाणं चांगलं आहे हे सांगायला परीक्षक कशाला हवा?

यादीतली चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, गळा गायकाचा. यादी करणाऱ्याचं स्वतःचं म्हणावं असं त्यात तीनच गोष्टींत सापडतं: काय घेतलं, काय सोडलं आणि कशानंतर काय ठेवलं. गुण द्यायचे ते या तिन्हींना. हे एकदा पक्कं धरलं की 'इतक्या थोर गाण्यांना मी कोण गुण देणार' हा संकोच उरत नाही आणि 'गाणी थोर म्हणून यादीही थोर' हा घोटाळाही होत नाही.

याद्या मागवण्याआधी

परीक्षकाची अर्धी डोकेदुखी नियम ढिले ठेवल्याने होते. कुणी आठ गाणी पाठवतं, कुणी चाळीस. दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही आणि चाळीसवाल्याचं पूर्ण ऐकलंही जात नाही. बारा गाणी किंवा पन्नास मिनिटं, यातलं जे आधी भरेल तिथे थांबायचं, अशी अट घाला. हिशेब साधा आहे: दहा याद्या म्हणजे आठ तासांहून जास्त ऐकणं, आणि तेही एकदाच. दिवसाला दोनपेक्षा जास्त याद्या नीट ऐकून होत नाहीत, तिसऱ्या यादीला कान नुसता हजेरी लावतो. म्हणून निकालाची तारीख ठरवताना निदान आठवडाभर हाताशी ठेवा.

मर्यादेचा फायदा रचणाऱ्यालाही होतो. ऐंशीच्या दशकात रेकॉर्डिंगच्या दुकानात वहीच्या पानावर गाणी लिहून द्यायची आणि दुकानदार कोरी कॅसेट भरून द्यायचा, ही सोय ज्यांनी वापरली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. एका बाजूला सहा-सात गाणी बसायची. सातवं गाणं अंतऱ्यात तुटू नये म्हणून कुठलं काढायचं, यावर घरात भांडणं व्हायची. त्या भांडणात निवड म्हणजे काय ते आपोआप कळायचं. शिवाय कॅसेटला दोन बाजू, म्हणजे दोन सुरुवाती आणि दोन शेवट जुळवायचे.

लिंकसोबत यादी टाईप करूनही मागवा: गाणं, गायक, संगीतकार, गीतकार, चित्रपट किंवा नाटक असल्यास त्याचं नाव. कारण लिंकचा भरवसा नाही. कंपनीचे हक्क बदलले की गाणं ॲपवर राखाडी पडतं. पुण्यात वाजणारं गाणं दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या सभासदाकडे 'उपलब्ध नाही' म्हणतं. टाईप केलेली यादी असेल तर ते गाणं दुसरीकडे शोधता येतं. गाण्यांच्या फायलींची झिप मात्र स्वीकारू नका. हक्कांचा प्रश्न आहेच, आणि त्या फायली कुठून आल्या, किती हात फिरून आल्या हे कुणालाच ठाऊक नसतं.

सोबत तीन-चार ओळींचं टिपण सक्तीचं करा: यादीला शीर्षक काय आणि ही गाणी या क्रमाने का? हे टिपण नसेल तर तुम्ही तुमच्या मनातल्या यादीशी समोरच्याची यादी ताडत बसता.

शेवटचं म्हणजे नावं झाका. ॲडमिनने याद्यांना फक्त क्रमांक द्यावेत. लहान ग्रुपमध्ये हे नाटक फार टिकत नाही हे मान्य. पहिल्या तीन गाण्यांत दोन नाट्यपदं आली की ही यादी कोणत्या काकांची ते सगळ्यांना कळतं. तरीही झाकाच. संशय आणि खात्री यांत फरक असतो आणि तेवढ्या फरकाने हात थोडा मोकळा राहतो.

ॲप आधी सरळ करा

ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण ती न केल्यामुळे भलत्याच गोष्टीला गुण जातात.

शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं, बंद. स्पॉटिफायवर 'स्मार्ट शफल' नावाचा प्रकार आहे, तो ॲपला सुचलेली गाणी मधेमधे घुसवतो, तोही बंद. 'ऑटोप्ले' बंद, नाहीतर यादी संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने पुढे वाजवत राहतं आणि तुम्ही तेराव्या गाण्याला नावं ठेवत बसता. यादी 'कस्टम ऑर्डर'मध्ये आहे ना ते बघा. नावानुसार किंवा तारखेनुसार लावलेली असेल तर रचणाऱ्याचा क्रम गेला.

'क्रॉसफेड' शून्यावर आणा. स्पॉटिफायवर तो बारा सेकंदांपर्यंत वाढवता येतो. म्हणजे एका गाण्याची शेवटची तान आणि पुढच्याचं आरंभसंगीत एकमेकांत कालवलं जातं. पार्टीला ठीक आहे, तपासणीला नाही.

आवाजाची पातळी सारखी ठेवणारं सेटिंग मात्र चालू ठेवा. स्पॉटिफायवर त्याला 'नॉर्मलायझेशन' म्हणतात, ॲपल म्युझिकवर 'साउंड चेक'. जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं आणि 'सैराट'मधलं, लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित केलेलं गाणं शेजारी आलं की आवाजात मोठा फरक पडतो. तो रचणाऱ्याचा दोष नाही.

काही ॲपच्या फुकट खात्यावर क्रमाने ऐकूच देत नाहीत किंवा मधे जाहिरात आदळते. अशा वेळी टाईप केलेली यादी समोर ठेवून एकेक गाणं हाताने लावा. कंटाळवाणं आहे, पण भैरवीनंतर लगेच मसाल्याची जाहिरात ऐकून तुम्ही त्या यादीला न्याय देऊ शकत नाही.

पहिलं ऐकणं

पहिल्यांदा वही-पेन घेऊ नका. फिरायला जा, भाजी निवडा, बसमध्ये ऐका. यादी ज्या वेळेसाठी केली आहे त्याच वेळी ऐकता आली तर उत्तम. 'पहाटेची गाणी' रात्री साडेअकराला ऐकली तर तुम्ही डुलक्या काढाल आणि दोष यादीला द्याल.

या फेरीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची: कुठे पुढे ढकलावंसं वाटलं आणि कुठे हातातलं काम थांबलं. पूर्ण झाल्यावर आठवतील तेवढ्या जागा लिहून काढा. ज्या आठवत नाहीत त्या जागी काही घडलं नव्हतं, हीसुद्धा नोंदच आहे.

मधे थांबू नका. फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून ऐकणं जमणार नाही हे मलाही कळतं, पण निदान दोन गाणी मागे जाऊन धरा.

दुसरं ऐकणं: सांधे

आता वही घ्या. दुसऱ्यांदा पूर्ण गाणी ऐकायची गरज नाही. प्रत्येक गाण्याची शेवटची तीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली तीस सेकंदं ऐका. बारा गाण्यांना अकरा सांधे, म्हणजे अकरा मिनिटांचं काम. यादीचा खरा कस इथे लागतो आणि बहुतेक परीक्षक नेमकं हेच करत नाहीत.

सांध्यावर काय ऐकायचं? आधी शेवट. जुनी बरीच गाणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नीट मिटतात. पुढच्या काळातली कितीतरी गाणी मुखडा घोळवत हळूहळू विरत जातात. विरणारी तीन गाणी ओळीने आली की तिन्ही वेळा तुम्हाला वाटतं, इंटरनेट गेलं. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर शेवटी टाळ्या येतात. टाळ्यांनंतर लगेच स्टुडिओतलं कुजबुजतं भावगीत आलं तर ते बिचारं उघडं पडतं. टाळ्यांनंतर दुसरं मैफलीतलंच गाणं किंवा वाद्यमेळाचा भरघोस तुकडा असलेलं गाणं खपून जातं.

मग पट्टी. पेटीवर थोडा हात असेल तर दोन्ही गाण्यांचा षड्ज, म्हणजे 'सा', शोधा. एक काळी चारमध्ये आणि पुढचं पांढरी पाचमध्ये असेल, म्हणजे अर्ध्याच सुराचा फरक असेल, तर दुसरं गाणं पहिली ओळभर बेसूर वाटतं. चार-पाच सुरांचं अंतर असेल तर कान ते नवीन गाणं म्हणून सहज स्वीकारतो. जुन्या तबकड्या उतरवताना वेग थोडा कमी-जास्त झालेला असतो, त्यामुळे पट्टी पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरीही सापडते. पेटी नसेल तर हे सोडून द्या. 'इथे काहीतरी खुपलं' एवढी नोंद पुरते.

त्यानंतर ठेका आणि आवाज. ओळीने चार गाणी केहरव्यात, सगळी मध्य लयीत, सगळ्यांत एकाच जातीचा आवाज, असं झालं की गाणी वेगवेगळी असूनही एकच गाणं अठरा मिनिटं चाललंय असं वाटतं.

क्रमाची जाण आपल्याकडे बाहेरून आणायला नको. तमाशा गणाने उघडतो, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. संगीत नाटकाला नांदी. वारकरी भजनात रूपाचे अभंग आधी. मैफल भैरवीने संपते आणि भैरवीनंतर दुसरा राग कुणी काढत नाही. ऐकणाऱ्यांच्या अंगात हे इतकं मुरलेलं आहे की किशोरी आमोणकरांचं भैरवीतलं 'अवघा रंग एक झाला' यादीत चौथ्या क्रमांकावर आलं तर मैफलींना जाणारा माणूस चपला शोधायला लागतो. रचणाऱ्याने हे जाणून मोडलं असेल तर टिपणात तसं दिसेल. नकळत झालं असेल तर एवढं सांगून सोडा, अर्ध्या गुणापेक्षा जास्त कापू नका.

एक यादी हातात घेऊन

समजा शीर्षक आहे 'मृगापासून श्रावणापर्यंत'. गाणी आठ, या क्रमाने: 'घन घन माला नभी दाटल्या' (मन्ना डे), 'नभ उतरू आलं' (आशा भोसले), 'ये रे घना' (आशा भोसले), 'चिंब पावसानं' (लता मंगेशकर, सुरेश वाडकर), 'भेट तुझी माझी' (अरुण दाते), 'आला आला वारा' (आशा भोसले, अनुराधा पौडवाल), 'रिमझिम झरती श्रावणधारा' (सुमन कल्याणपूर), 'श्रावणात घन निळा' (लता मंगेशकर). टिपणात एकच ओळ: पावसाळी मूडची माझी आवडती गाणी.

गाणी एकापेक्षा एक आहेत, त्यावर वेळ घालवायचा नाही. शीर्षक बघा. 'मृगापासून श्रावणापर्यंत' म्हटलं की रचणारीने स्वतःला कॅलेंडर बांधून घेतलं: जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन पाऊस पुढे सरकला पाहिजे. आता गाणी त्या कॅलेंडरवर ठेवून बघा.

पहिल्याच गाण्यात धारा कोसळतायत, गोकुळात संध्याकाळ झाली आहे, पाऊस ऐन भरात आहे. आणि तिसऱ्या गाण्यात आपण ढगाला 'ये' म्हणून बोलावतोय. दोन गाणी पाऊस पडून गेल्यावर हे आमंत्रण उशिराचं आहे. ते पहिलं हवं.

सहावं गाणं, 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातलं, पहिल्याच ओळीत पाऊस असलेलं पण पाठवणीचं आहे. पाऊस तिथे वऱ्हाडाबरोबर आलेला पाहुणा. म्हणून ते बाद करायचं का? मी करणार नाही, उलट यादीतली सगळ्यात चतुर निवड हीच आहे. पण जागा चुकली. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त थांबतात. पाठवणीच्या वेळी पाऊस गाठतो तो मृगाचा. श्रावणाच्या दारात ही वरात कुठून आली? हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर शोभेल.

'भेट तुझी माझी'मध्ये पाऊस आठवणीतला आहे. अशा गाण्यावर कुणीतरी हमखास आक्षेप घेतं की 'हे पावसाचं गाणं नाहीच'. आक्षेप घेणाऱ्यांनी दुसरी ओळ ऐकावी. शिवाय यादीत सगळीकडे पाऊस बाहेर पडतोय, इथे तो मनात पडतो, आणि एकट्या पुरुषाचा संथ आवाज बऱ्याच वेळाने येतो. हे गाणं मधोमध ठेवणं हा रचणारीचा उत्तम निर्णय आहे.

आता संगीतकार लिहून काढा. दुसरं, तिसरं, चौथं आणि सहावं, चारही चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. दुसरं आणि चौथं दोन्ही ना. धों. महानोरांच्या शब्दांतली. आठातली चार एकाच संगीतकाराची, त्यातली तीन ओळीने. हे ठरवून केलं असतं तर शीर्षकात किंवा टिपणात दिसलं असतं.

इथे एक सावधगिरी. सूचना देण्याआधी ती स्वतः लावून ऐका. सहावं गाणं नुसतं उचलून दुसऱ्यावर टाकलं तर हृदयनाथांच्या चाली दोनपासून पाचपर्यंत सलग चार होतात. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडलं. मी हा क्रम लावून पाहिला असता: ये रे घना, आला आला वारा, घन घन माला, नभ उतरू आलं, भेट तुझी माझी, चिंब पावसानं, रिमझिम झरती, श्रावणात घन निळा. बोलावणं, पहिली सर, मुसळधार, रान, आठवण, पुन्हा रान, श्रावण. एकाच संगीतकाराची दोनच गाणी ओळीने येतात, तीही सुरुवातीला. शेवटची दोन जिथल्या तिथे, ती रचणारीने अचूक ठेवली आहेत: दोन बायकांचे आवाज, दोन श्रावण, आणि संगीतकार दशरथ पुजारींकडून संगीतकार श्रीनिवास खळ्यांकडे जाणारा सांधा.

आणखी एक दिसतं: यादीतलं सगळ्यात अलीकडचं गाणं 'चिंब पावसानं', 'सर्जा' चित्रपटातलं, १९८७चं. शीर्षकात काळाची अट नाही. म्हणजे 'गारवा'सारखा १९९८चा आख्खा पावसाळी अल्बम आणि नंतरची सगळी वर्षं विचारातच आली नाहीत की विचार करून सोडली? टिपण गप्प आहे. सोडायला काहीच हरकत नाही, पण सोडलं असं कळलं पाहिजे.

कोणतं ध्वनिमुद्रण?

मराठी याद्यांमध्ये ही तपासणी न टाळता करावी लागते. एकाच गाण्याच्या अनेक आवृत्त्या ॲपवर पडलेल्या असतात आणि शोधल्यावर पहिली आली ती घ्यायची ही सर्वांची सवय.

'गीतरामायण'च घ्या. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. ५६ गीतं, आणि ती वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके. आज आपण सहसा ऐकतो ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं नंतरचं ध्वनिमुद्रण. यादीचं शीर्षक 'बाबूजी' असेल तर ते योग्यच. 'रेडिओवरचे दिवस' असेल आणि टिपणात १९५५ची आठवण असेल तर प्रश्न विचारायला हवा.

'घेई छंद मकरंद'चंही तसंच. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकातच ते पद दोन घराण्यांच्या दोन ढंगांत येतं, आणि २०१५च्या चित्रपटात पुन्हा नव्या आवाजांत. टिपणात वसंतरावांच्या तानेचं कौतुक आणि लिंक चित्रपटाची, असं आढळलं तर तो गुण जायलाच हवा. तपासायला एक मिनिट लागतं.

गाण्यावर मागाहून ढोलकी-ड्रम चढवलेल्या 'झंकार' आवृत्त्या, वाहिनीवरच्या स्पर्धेतलं गाणं, कराओके ट्रॅक, हेही मधेच निघतात. मुद्दाम घेतलेली नवी आवृत्ती आणि चुकून आलेली यांत फरक करा.

ॲपवर लिहिलेल्या वर्षावर विसंबू नका. तिथे बऱ्याचदा संकलनाचं वर्ष असतं. 'जगाच्या पाठीवर' १९६०चा, पण त्यातलं गाणं एखाद्या 'सर्वोत्कृष्ट' संग्रहातून उचललं तर समोर कितीतरी पुढचं साल दिसतं. विषय 'साठचं दशक' असेल तर यावरून नाहक वाद होतात. गीतकाराचं नाव तर ॲपवर शोधावंच लागतं आणि नावांची रोमन स्पेलिंगं दर वेळी निराळी. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर एकत्र मिळतं. तिथे एकदा पडताळा.

गुण

मी वीस गुणांची वाटणी अशी करते. शीर्षकाशी इमान पाच, निवड पाच, क्रम सहा, आवृत्ती आणि माहिती दोन, टिपण दोन. क्रमाला सगळ्यात जास्त, कारण ते काम पूर्णपणे रचणाऱ्याचं. दहापैकी एकच आकडा देण्याची पद्धत मला पटत नाही. त्यात सगळ्यांना साडेसात मिळतात.

आकड्यांचा अर्थ आधीच ठरवून ग्रुपवर लिहून टाका. क्रमाचे सहापैकी सहा म्हणजे एकही गाणं हलवता येणार नाही. चार म्हणजे एक-दोन गाणी हलवली की झालं. दोन म्हणजे क्रम असा नाहीच, गाणी आठवतील तशी टाकली आहेत. निवडीचे पाचपैकी पाच तेव्हाच, जेव्हा निदान एक गाणं ऐकून 'हे मला सुचलं नसतं' असं वाटेल आणि तरीही ते विषयात चपखल बसेल. दुर्मीळतेला वेगळा गुण देऊ नका. तो दिला की लोक कुणी ऐकलेलंच नाही अशा गाण्यांच्या मागे लागतात आणि ती का ऐकली गेली नाहीत ते तुम्हाला सलग पन्नास मिनिटं कळत राहतं.

लोकप्रियतेलाही गुण नाही. त्यासाठी 'बिनाका गीतमाला' होती; १९५२पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींच्या आवाजात. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची मतं यांवरून तिथे गाण्यांच्या पायऱ्या ठरत. ते एकेका गाण्याचं मोजमाप होतं. इथे यादी मोजायची आहे.

वरच्या पावसाळी यादीला माझे गुण: इमान चार, निवड तीन, क्रम तीन, आवृत्ती दोन, टिपण एक. एकूण तेरा. सुचवलेल्या क्रमाने लावली असती तर क्रमाचे दोन वाढले असते.

स्वतःच्या नावडीचं काय करायचं? एखादा गायक तुम्हाला अजिबात झेपत नसेल तर वहीत दोन वाक्यं वेगळी लिहा: 'मला आवडत नाही' आणि 'इथे बसत नाही'. दुसरं वाक्य कारणासह पूर्ण करता आलं तरच गुण कापा.

सगळ्या याद्या ऐकून होईपर्यंत आकडे पेन्सिलीने. पहिली यादी ऐकताना माप तयार झालेलं नसतं, त्यामुळे तिला उगाच कडक किंवा उगाच सढळ गुण पडतात. शेवटची झाल्यावर पहिलीकडे परत या.

परीक्षक तीनपेक्षा जास्त असतील तर सरासरी न काढता मधला आकडा घ्या. पाच जणांनी १५, १४, १६, १५ आणि ७ दिले तर सरासरी १३.४ येते, मधला आकडा १५. सात देणाऱ्याचं एकट्याचं मत निकाल फिरवत नाही. त्याला कारण मात्र जरूर विचारा. कधीकधी त्या एकालाच सांधे ऐकू आलेले असतात.

लिहायचं काय?

नुसते आकडे पाठवू नका आणि नुसतं 'अप्रतिम'ही नको. शंभर-दीडशे शब्द पुरतात. त्यात एक नेमकी जागा जिथे यादी जमली, एक नेमकी जागा जिथे अडखळली, आणि अडखळण्यावर करून पाहिलेला उपाय. अमुक सांध्यावर, अमुक गाण्यानंतर, असं बोट ठेवून लिहा. 'थोडी विविधता हवी होती' हे वाक्य कुठल्याही यादीला चिकटतं, म्हणून ते लिहू नका. 'कवी ग्रेसचं काहीच कसं नाही?' असंही नको. ते तुमच्या यादीचं टिपण झालं.

नावं उघडल्यावर वरच्या यादीला मी असं लिहीन:

'ताई, शीर्षक वाचूनच उत्सुकता वाटली होती. "भेट तुझी माझी" मधोमध ठेवलंत ते फार आवडलं. तिथपर्यंत पाऊस अंगावर होता, तिथे तो आत गेला. शेवटचे दोन श्रावण तसेच राहू द्या. एक सांगू का? पहिल्या गाण्यात पाऊस कोसळतोय आणि तिसऱ्यात आपण ढगाला बोलावतोय, तिथे मी थबकले. "ये रे घना" पहिलं लावून बघा. पाठवणीचं गाणं तर कमाल सुचलं तुम्हाला, पण मुहूर्त चातुर्मासाआधीचे, तेव्हा ते दुसऱ्या क्रमांकावर घेऊन ऐका. मी दोन्ही बदल करून ऐकले, जमतंय. हृदयनाथांच्या चार चाली मुद्दाम घेतल्या का? असेल तर टिपणात लिहा, वाचायला आवडेल. तेरा गुण, आणि क्रम बदलून पाठवलीत तर पुन्हा ऐकेन.'

वयाने मोठ्या काकांना लिहिताना सूर थोडा बदलेल, कॉलेजातल्या मुलाला 'अरे' म्हणून लिहिता येईल, पण मजकुरातली नेमकी जागा कुणासाठीही गाळू नका. कडक भाग ग्रुपवर टाकण्याआधी त्या व्यक्तीला खाजगीत पाठवा. रचणाऱ्याला उत्तर द्यायची संधी द्या, आणि उत्तरात पटण्यासारखं कारण निघालं तर गुण बदला. बदलले असं निकालात लिहा. वादासाठी एक दिवस पुरे, त्यानंतर ॲडमिनने विषय बंद करावा.

दोन याद्यांना सारखे गुण पडले तर क्रमाचे गुण बघा. तेही सारखे असतील तर दोन्हींतला सगळ्यात अवघड सांधा शोधा, म्हणजे जिथे काळ, आवाज आणि वाद्यमेळ तिन्ही एकदम बदलतात ती जागा, आणि तो कुणी जास्त सहज ओलांडला ते तीन जणांनी एकत्र बसून ऐका. एवढं करूनही ठरलं नाही तर पहिला क्रमांक दोघांना वाटून द्या आणि पुढच्या महिन्याचा विषय त्या दोघांना मिळून ठरवायला सांगा.